पाय की गाडी

गाडी घेताना मी टायरला लाथ मारली होती. का, ते विचारू नका. सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस टायरला लाथ मारतो हे मी कुठेतरी पाहिलं होतं, म्हणून मारली. मग बॉनेट उघडायला लावलं, आत बराच वेळ गंभीर चेहऱ्याने बघितलं आणि "हं" म्हटलं. बायको शेजारीच उभी होती. तिने हळूच विचारलं, "काय दिसलं?"

"इंजिन," मी म्हटलं.

गाडी अंधेरीच्या एका जुन्या गावठाणातली होती. विकणारी बाई ख्रिश्चन, साधारण आमच्याच वयाची, आणि मराठी आमच्यापेक्षा रोखठोक. गाडी तिच्या वडिलांची. ते गेले, तेव्हापासून ती अंगणातल्या क्रूसाशेजारी कापड पांघरून उभी होती. "डॅडी चर्चमध्ये मिस्साला जायचे आणि मासळी आणायला जायचे, बस," ती म्हणाली. "कुठे ठोकलेली नाही. बघून घ्या."

मी सगळ्यात हुशारीचा म्हणून ठेवलेला प्रश्न विचारला. "पिकअप कसा आहे?"

"डॅडींना पुरायचा," ती म्हणाली.

हे उत्तर तेव्हा मला फार आवडलं होतं.

गाडी मला नको होती, बाबांना हवी होती. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एका कारखान्याच्या चाचणी विभागात त्यांनी आयुष्य काढलं. वस्तू ताणून, दाबून, वाकवून ती कधी मोडते ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यांची जुनी गाडी भंगारात गेल्यापासून ते पिंजऱ्यातल्यासारखे घरात फिरत होते. बाबा, मी, बायको आणि आमची मुलगी राहतो मुलुंडला, माझी आत्या बोरिवलीला. ती त्यांच्याहून मोठी, पायाने अधू, फोनवर धड ऐकू न येणारी. तिच्याकडे दर रविवारी जायचं तर स्वतः गाडी चालवत, हा बाबांचा हट्ट. मी म्हणायचो, "मी सोडतो ना." ते म्हणायचे, "मी काय पार्सल आहे?"

बाबा गाडी चालवतात तेव्हा मी शेजारी बसतो आणि उजव्या पायाने फरशी दाबतो. तिथे ब्रेक नसतो हे मला माहीत आहे. पायाला माहीत नाही.

तर गाडी आली आणि आठवड्याभरात लक्षात आलं की ती चालते, पण तिला कुठे जायची इच्छा नाही. सपाट रस्त्यावर ठीक. चढण आली की ती विचारात पडायची. मुलुंड कॉलनीच्या चढणीवर बाबांनी तिला दुसऱ्यात घेतलं, मग पहिल्यात घेतलं, तरी ती सरकारी फाइलीसारखी वर सरकत होती. मागे हॉर्नचा कालवा. एक रिक्षावाला बाजूने निघाला, मान बाहेर काढून म्हणाला, "आजोबा, धक्का मारू काय?"

बाबांनी काच वर घेतली. घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही. नेमकं तेव्हा मी तोंड उघडलं. सहज बोलल्यासारखं करत म्हटलं, "बाबा, कदाचित पाय थोडा कमी पडत असेल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जात नसेल. वय झालं की होतं."

काही वेळाने न्हाणीघरातून धडाधडा आवाज आले. जाऊन बघतो तर बाबा स्टुलावर बसलेले, काट्याचा वजनकाटा भिंतीला उभा टेकवलेला, आणि त्यावर उजवा पाय रोवून ते दाबतायत. काटा थरथरत होता. मग डाव्या पायाने दाबलं. मग मला म्हणाले, "बस. तू दाब."

"मी कशाला?"

"तुलना नको का?"

मी दाबलं. माझा काटा त्यांच्या अलीकडेच थांबला. दारातून बायको बघत होती. ती म्हणाली, "अरे, जोर लाव ना." मी जोरच लावत होतो.

पण बाबांना या विजयाने समाधान झालं नाही. न्हाणीघरातला पाय वेगळा आणि चढणीवरचा वेगळा, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. रात्री जेवताना ते म्हणाले, "हे बघ. पाय गेला असेल तर मी किल्ली तुझ्या हातात देतो, पुन्हा मागणार नाही. गाडी गेली असेल तर ती दुरुस्त होते. पण दोघांतलं काय गेलंय ते मला नक्की कळलं पाहिजे. अंदाज नको."

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. खरं सांगायचं तर मला काय हवं होतं तेच मला कळत नव्हतं. गाडी बिघडलेली निघावी, म्हणजे बाबांचा मान राहील. आणि पाय बिघडलेला निघावा, म्हणजे रविवारी माझ्या जिवाला घोर राहणार नाही. ऑफिसमध्ये बसून मी इंटरनेटवर "गाडी चढत नाही" असं टाकून वाचत बसायचो. जगात गाडी न चढण्याची इतकी कारणं आहेत की ती चढते हेच नवल. मी स्वतः गाडी काढून चढणीवर नेऊन आलो. माझ्याही हातात ती तशीच. घरी येऊन मोठ्या आनंदाने सांगितलं, तर बायको म्हणाली, "तू चालवत होतास ना? मग त्यावरून काहीच सिद्ध होत नाही."

भांडुपला आमच्या ओळखीचा एक गॅरेजवाला आहे. माणूस मालवणकडचा, मुंबईत आयुष्य काढूनही रागावला की मालवणीत शिरणारा. त्याने चक्कर मारली आणि म्हणाला, "लोड घेत नाय." मग एअर फिल्टर बदलला. प्लग बदलले. चाकं उचलून हाताने फिरवून पाहिली, ब्रेक धरून राहतो का म्हणून. क्लच बघितला. पेट्रोलचा दाब बघितला. सगळं ठीक. गाडी होती तशीच.

दुसऱ्या फेरीला त्याने डिकीतला गालिचा उचलला आणि त्याचे डोळे चमकले. खाली पत्र्याला चार भोकं होती, रबराची बुचं मारलेली. "साहेब, हिच्यात गॅस होता! टाकी काढून विकलीय." मग डॅशबोर्डवरही एक बुजवलेलं भोक सापडलं. "हा बघा, गॅसचा स्विच इथे होता. गॅसवाली गाडी पेट्रोलवर आणली की रुसते. आत काहीतरी पार्ट राहिला असणार, हवा अडवत असणार."

मी आरसी बुक काढून दाखवलं. त्यात फक्त पेट्रोल लिहिलेलं.

"कागदावर काय, काही पण असतं," तो म्हणाला.

मला तर आता आरोपी सापडल्यासारखं झालं. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर मी अंधेरीच्या त्या बाईची यथेच्छ बदनामी केली. मिस्साला जातात म्हणे! बाबा शांतपणे ऐकत होते. "आत पार्ट सापडला का?" एवढंच त्यांनी विचारलं. नव्हता सापडला. गॅरेजवाल्याने हवेचा सगळा पाइप काढून उजेडात धरून बघितला होता. आत फक्त हवा होती.

तिसऱ्या फेरीला बाबा, बायको आणि मी, तिघंही गेलो. बाबा रस्त्यापलीकडच्या चहावाल्याच्या बाकावर बसले, पाठ ताठ, निकालाची वाट बघत असल्यासारखे. गॅरेजवाला वैतागला होता. "इंजिनाक काय धाड भरली हा?" असं स्वतःलाच विचारत त्याने बॉनेटमध्ये हात घातला, ॲक्सिलरेटरची वायर बोटाने ओढली आणि गाडी अशी गरजली की शेजारच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. "बघा! किती मोकळी उठते. आता आत बसा आणि तुम्ही दाबा."

मी बसलो आणि दाबलं. गाडी गुरगुरली.

"दाबा ना साहेब."

"दाबलंय."

"पूर्ण दाबा!"

"अहो, पूर्णच दाबलंय!"

"इथे वायर अर्ध्यावरच थांबलीय!"

"उतर," बायको म्हणाली. ती बसली, तिनेही दाबलं. तेवढंच. मग तिने वाकून पेडलच्या मागे हात घातला. दोन मॅट एकावर एक होते. ते दोन्ही ओढून काढले. "इथे काहीतरी आहे रे. घट्ट आहे."

ॲक्सिलरेटरच्या बरोबर खाली, तळाला, दार आपटू नये म्हणून लावतात तसा रबराचा काळा ठोकळा स्क्रूने आवळून बसवलेला होता. नीट, मापात, कडा घासून. पेडल अर्ध्या वाटेवर त्याच्यावर टेकायचं आणि पायाला वाटायचं, जमीन लागली.

गॅरेजवाला बघतच राहिला. मग स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. मी म्हटलं, "थांबा जरा." आणि अंधेरीला फोन लावला.

"अय्यो," ती बाई म्हणाली. "तो राहिलाच काय तिथे?" "डॅडी ऐकायचे नाहीत हो. किल्ली लपवली तर जेवायचे नाहीत. मग आम्ही तो बसवला. हळू जाऊ देत, पण जाऊ देत."

"आणि डिकीत भोकं आहेत ती?"

"मम्मीच्या व्हीलचेअरचा क्लॅम्प होता."

"डॅशबोर्डवर?"

"मेरीमाता," ती म्हणाली. "ती आम्ही काढून घेतली. गाडी विकली तरी तिला कशी विकणार?"

मी विचारलं, "त्यांना कळलं होतं का? ठोकळ्याचं?"

"कधीच नाही. त्यांना वाटायचं गाडी म्हातारी झाली. म्हणायचे, बघ, माझ्याबरोबर ही पण थकली."

फोन ठेवला आणि मी तसाच उभा राहिलो. गॅरेजवाला स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार. रस्त्यापलीकडे बाबा बशीत चहा ओतत होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. एवढ्या दिवसांच्या घालमेलीवरचा उपाय माझ्या पायाशी होता, आणि तो कोणा दुसऱ्याच्या मुलीने आधीच बसवून ठेवला होता. मॅट परत टाकायचे आणि म्हणायचं, बाबा, गाडीच म्हातारी आहे. पाय उत्तम. त्यांचा मानही राहतो आणि गाडीही सरपटत राहते. मी मॅट उचललासुद्धा.

बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की माझ्या हातात मॅट दिसला तरी तिला डोक्यातलं कळतं. "त्यांनी तुला काय विचारलंय?" ती म्हणाली. "दोघांतलं काय गेलंय ते नक्की सांग, अंदाज नको. सांगतोस की मी जाऊ?"

"आणि चढणीवर मागून डंपर आला तर?" गॅरेजवाल्याने जोड दिली. "अर्ध्या गाडीने बाजूला कसे होणार?"

मी ठोकळा काढायला लावला आणि तो घेऊन रस्ता ओलांडला. बाबांच्या हातात दिला आणि फोनवर कळलं ते सगळं सांगितलं. मी मॅट उचलला होता तेवढं मात्र वगळलं. बाबांनी ठोकळा अंगठ्याने दाबून बघितला, उलटा करून बघितला.

"काम चांगलं केलंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मुलगी चांगली आहे."

परत येताना गाडी त्यांनीच चालवली. मुद्दाम मुलुंड कॉलनीच्या चढणीवर घेतली. त्यांनी पाय दाबला आणि ती गाडी, जी आजवर विचार करत होती, एकदम उठली. एक रिक्षा, एक टेम्पो मागे पडले. मी शेजारी बसून फरशी अशी दाबत होतो की पोटरीत गोळा आला. मागून बायको म्हणाली, "ठोकळा याच्या पायाखाली लावा, बाबा."

वर पोचल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. श्वास लागला होता त्यांना, चेहरा लालबुंद. "पाय बरा आहे," ते म्हणाले. मग हसू दाबत, "पण गाडी जरा जास्तच बरी झालीय रे." ठोकळा त्यांनी समोरच्या कप्प्यात टाकला. मी म्हटलं, आता हा कशाला? "तुझ्या मुलीला दाखवून ठेव कुठे आहे ते," ते म्हणाले. "तिला लागेल."

आता दर रविवारी सकाळी, बोरिवलीला निघण्यापूर्वी, वजनकाटा न्हाणीघराच्या भिंतीला उभा राहतो. हा नियम बाबांनीच घातला: ज्या दिवशी त्यांचा काटा माझ्या मागे पडेल, त्या दिवशी किल्ली माझी. आधी ते दाबतात, मग मी. मी मुद्दाम हरतो असं आत्याला वाटतं, मुलीला वाटतं, अलीकडे बायकोलाही वाटायला लागलंय. मी सगळा जोर लावतो हो. दात आवळून लावतो. एवढी वर्षं शेजारच्या सीटवर बसून फरशी दाबण्याचा सराव आहे माझ्या पायाला. तरी काटा त्यांच्या अलीकडेच थांबतो. ते किल्ली उचलून एकटेच निघतात, आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.