न गळणारं खोपटं

आमच्या ह्यांनी उभा जन्म लोकांची कौलारू छपरं शाकारली; आता वय झालं म्हणून काम सोडलंय. फुटकं कौल कुठलं, हे त्यांना खालून, रस्त्यावरून दिसायचं. एकदा माझ्या चुलत बहिणीकडे जेवायला गेलो, तर हे घास हातात धरून वर आढ्याकडेच बघत बसले. तिला वाटलं, भाजी बिघडली. असा हा माणूस! आणि त्याच्या स्वतःच्या घरात, माझ्या शिवणाच्या खोलीत, बरोबर मशीनच्या डोक्यावर गळतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी पडदे शिवते. पडद्याचं कापड म्हणजे नुसता पसारा, ते खोलीभर लोळतं. मशीन कुठेही सरकवलं तरी कापडाचं एखादं टोक पाण्यात जायचंच. "बघतो, ऊन पडू दे," हे म्हणायचे. ऊन पडलं की म्हणायचे, "आता कुठे गळतंय?" दुसऱ्या कुणाला बोलवते म्हटलं तर लगेच नाक वर. "माझ्या छपरावर परक्याचा पाय? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." मग बादली ठेवायची मी, ओतायची मी.

घरचं झालं थोडं, त्यात शेजारचे ड्रायव्हरभाऊजी निवृत्त झाले. त्यांचा ट्रक सुटला, पण ट्रकचं वेड काही सुटलं नाही. रिमोटवर पळणारे वीतभर ट्रक घेऊन आले. त्यांच्या घरामागे जागा नाही, आमच्या आहे. झालं! माझ्या कपडे वाळत घालायच्या जागेत दोघांनी दगडमातीचा घाट केला, फळ्यांचा पूल टाकला, माझी जुनी परात पुरून तिचं तळं केलं. आणि माथ्यावर, भाऊजी म्हणाले, जंगलात असतं तसं एक लाकडी खोपटं हवं.

हे कामाला लागले ते जेवणखाण विसरून. बोटाएवढ्या जाडीच्या वाळक्या फांद्या, सालीसकट, एका मापाच्या कापल्या. प्रत्येकीच्या टोकाला खाच पाडली, म्हणजे कोपऱ्यात एकीत एक बसते. फटींत भुसा आणि डिंक कालवून भरला. दाराला बिजागरी, खिडकीला झडप. (आमच्या न्हाणीघराचं दार अजून दोरीने बांधावं लागतं.) छपरासाठी फळांच्या खोक्याच्या चिपा काढल्या आणि खालून वर अशा लावत नेल्या की खालच्या ओळीतला प्रत्येक सांधा वरच्या चिपेखाली झाकला जावा. मी खिडकीतून बघत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

परवा रात्री पाऊस झाला. सकाळी खोली उघडली तर एका बाईंचं नवं कोरं मलईच्या रंगाचं कापड, आणि त्यावर चहा सांडावा तसा डाग. बाई पडदे न्यायला संध्याकाळी येणार होत्या. मी ते कापड हातात धरून उभी, तेवढ्यात घरामागून ह्यांची हाक आली, "अगं, ये ना, बघ तरी!"

गेले. ह्यांच्या हातात झाडांना पाणी घालायची झारी, शेजारी रिमोट घेतलेले भाऊजी. खोपट्यावर अख्खी झारी ओतलेली. चिमटीने दार उघडून ह्यांनी आतून वर्तमानपत्राचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे नाचवला.

"बघ! टिपूस नाही."

मी डाग पडलेलं कापड त्या खोपट्यावर फेकलं. "गुरुवारी छपरावर माणूस येतोय. मी सांगून टाकलंय."

"माझ्या छपरावर?"

"नाहीतर तुम्ही चढा. आत्ता."

ह्यांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी हातातल्या रिमोटकडे बघितलं. मग हे तणतणत गेले, शिडी आणून भिंतीला लावली आणि चढले. एक पायरी, दोन, तीन. आणि थांबले.

"पुढे चला की!" मी ओरडले. मला वाटलं, नाटक चाललंय. मग गुडघे दिसले. लटलट कापत होते. दोन्ही हातांनी शिडी कवटाळलेली, डोळे मिटलेले, तोंड पांढरंफटक.

भाऊजी रिमोट टाकून धावले. "वहिनी, ओरडू नका. त्यांना उंचावर चक्कर येते. शेवटच्या कामापासून. आढ्यावर बसकण मारली होती, तिघांनी मिळून उतरवलं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

एकेक पाय हातात धरून मी त्यांना खाली आणलं, तोंडाने शिव्या देत. हा पाय. आता तो. खाली नाही, भिंतीकडे बघा. खाली टेकल्यावर भाऊजींना म्हटलं, "तुम्ही आधी घरी जा." गेले बिचारे. टाकलेल्या रिमोटची कळ दबून राहिली असावी, त्यांचा ट्रक मात्र चालूच होता, दगडावर धडका देत.

हे मातीतच बसले.

"पुरे झालं काम, वय झालं, असं सांगितलंत मला," मी म्हटलं. "मी खरं मानलं. का नाही बोललात?"

"काय बोलू? तू मला पहिल्यांदा बघितलंस ते शाळेच्या आढ्यावर. हात सोडून चालत होतो. मैत्रिणीला म्हणालीस, हा माणूस पडत कसा नाही. मी वरून ऐकलं होतं." ह्यांनी तळहात पँटला पुसले. "आता तिसऱ्या पायरीवर लटपटतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं तुला?"

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. इतका आला की पुढचं सगळं गल्लीने ऐकलं असणार.

"अहो, तुम्ही वर असायचात ना, तेव्हा माझा जीव टांगणीला असायचा! वारा सुटला की सुई बोटात घुसायची माझ्या. दार वाजलं की आधी तुमचे पाय बघायची, धड आहेत ना म्हणून. उभा जन्म मी तुम्ही खाली यायची वाट बघितली. आणि शेवटी कायमचे खाली आलात, तर ते ड्रायव्हरला सांगितलंत?"

 हे मान वर न करता म्हणाले, "कौल मशीनच्या वर नाही फुटलंय. तिथून हातभर डावीकडे. पाणी वाशावरून घसरत येतं. त्या माणसाला सांग."

म्हणजे तेसुद्धा माहीत होतं ह्यांना!

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा. शिडी धरून. खाली, माझ्याजवळ उभं राहून."