अंजूरच्या खाडीत फसलेले दोघे

सांगायची लाज वाटते, पण तुम्ही काही परके नाही. चहा घ्या आणि ऐका माझा मूर्खपणा.

मी भिवंडीत लूमवर असतो, कापड विणायला. सुट्टीच्या दिवशी अंजूरला बायकोच्या मामीकडे जेवायला गेलो होतो. मामी पासष्टीची, सगळा जन्म खाडीत मासे धरण्यात गेला. भात शिजेपर्यंत मामी आणि मी खाडीच्या बांधावर गेलो, तर चिखलात कुणीतरी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्याचा ढीग हलताना दिसला. आत समुद्राचं कासव. भरतीबरोबर आलेलं, ओहोटीला तिथंच राहिलेलं. मानेभोवती फास.

मामी घरातून ब्लेड आणि ओलं गोणपाट घेऊन आली. "तू बांदावरच र्‍हा. चिखल फसवा हाय."

"मामी, दिवसभर धागेच तोडतो मी. जाळ्याचं काय एवढं?" असं म्हणून उतरलो, तेही बुटांसकट. आणि काय केलं असेल? जाळं धरून जोरात ओढलं. फास आणखी आवळला. कासवाने तोंड वासलं. घाबरून मागे सरलो, तर जाळ्याच्या दुसऱ्या टोकात माझाच पाय गुंतला आणि मी बदकन चिखलात बसलो. आता मी पाय झाडला की तिकडे कासवाची मान ताणली जायची.

"हलू नको," मामी म्हणाली. मी पुतळा झालो.

तिने कासवाच्या डोळ्यांवर गोणपाट टाकलं. मग एकेक दोरा बोटाने उचलायचा, कातडीपासून लांब धरायचा आणि कापायचा. अर्धा तास, गुडघे चिखलात रोवून. ब्लेड एकदाही अंगाला टेकलं नाही. आणि तोंडाने किती मायेने बोलत होती. "घाबरू नको, बाला. दुखतंय ना? झालाच हाय आता."

चूक माझी, आणि तरी एवढी माया? मी म्हणालो, "मला नाही दुखत, मामी. तुम्ही आधी त्याला सोडवा."

मामीने मान वर केली. "त्यालाच इचारतंय मी. तू गप बस."

शेवटचा फास तुटला. कासव वल्ह्यासारखे पाय मारत पाण्याकडे सरकू लागलं. मामी चिखल तुडवत त्याच्या बाजूने चालली, पार पाण्यापर्यंत. लांबवर त्याचं डोकं एकदा वर आलं आणि दिसेनासं झालं. तिने पदराने डोळे पुसले आणि थेट घराची वाट धरली.

"मामी," मी हळूच म्हणालो, "माझा पाय?"

ती वळली.

"आरं, तू र्‍हायलास व्हय? मी इसरलेच."