कांदेपोहे आणि ‘अक्रू’

काल लेकीच्या ऑफिसच्या मेलमध्ये ‘अक्रू’ (accrue) हे इंग्रजी क्रियापद दिसलं आणि माझं लग्न ठरलं तो दिवस आठवला.

आईबरोबर नारायण पेठेत हिला, माझ्या आताच्या बायकोला, बघायला गेलो होतो. मुलगी मला बघताक्षणीच आवडली होती. पोह्यांचा पहिला घास तोंडात घातला, तोच तिचे वडील, इंग्रजीचे निवृत्त मास्तर, म्हणाले, “आपण ऑफिसात इंग्रजी लिहिता ना? मग ‘अक्रू’चा अर्थ सांगा.”

पंख्याची घरघर, लिंबाचा वास आणि समोर रोखलेला जाड भिंगांचा चष्मा.

“रजा अक्रू होते. म्हणजे, आपोआप साठत जाते.”

“अहो, धूळही साठते.”

आई पदराने घाम टिपू लागली. मी चाचरत म्हणालो, “धूळ नुसती जमते. हे हळूहळू वाढत जातं आणि हक्काने आपल्याला मिळतं.”

“हं. मूळ लॅटिन, फ्रेंचमधून आलेलं. अर्थ, वाढणं.” म्हणताना त्यांची नजर मात्र मुलीकडे होती.

तेव्हा वाटलं, ते माझा पेपर तपासतायत. आता स्वतःची लेक लग्नाची झाल्यावर कळतं, त्यांना विचारायचं होतं, ‘माझ्या मुलीला नीट सांभाळाल ना?’ तेवढं मराठी मात्र मास्तरांना जमलं नाही.