अठरा दिवस मी गप्प राहिले

"थॅलेसेमिया मेजर," असं डॉक्टर म्हणाले आणि ते नाव कागदावर लिहून त्यांनी माझ्याकडे सरकवलं. मितू माझ्या मांडीवर झोपली होती. दहा महिन्यांची, पिठासारखी पांढरी. आम्हाला वाटत होतं, मूल गोरं निघालंय.

डॉक्टरांनी मग सोप्या भाषेत सांगितलं. टिकेल असं रक्त हिचं शरीर बनवू शकत नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावं लागेल, आयुष्यभर. त्या रक्तातलं लोह शरीरात साठतं, ते काढायला रोज औषध. मी आणि मितूचे बाबा, दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आजार वाहणारे पण स्वतः ठणठणीत. लग्नाआधी एक साधी रक्त तपासणी केली असती तर कळलं असतं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं लग्न व्हायचं असेल तर ती तपासणी करून घ्या. पत्रिका नंतर बघा.

आमचं गाव चौलजवळ. मी ग्रामपंचायतीत डेटा ऑपरेटर आहे, मितूचे बाबा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. मोठा मुलगा राहुल. मितूचं खरं नाव संघमित्रा, पण रुग्णालयाच्या वॉर्डात सगळे मितूच म्हणतात.

अलिबागच्या ज्या रुग्णालयात आम्ही रक्त चढवायला जायचो, तिथे म्हात्रे मॅडम होत्या, वैद्यकीय समाजसेविका. डॉक्टर औषध देतात, मॅडम बाकीचं बघायच्या. दिव्यांग प्रमाणपत्र त्यांच्यामुळे झालं. थॅलेसेमिया कायद्याने दिव्यांगत्वात येतो, हे मला, रोज सरकारी कागद टाइप करणाऱ्या बाईला, त्यांच्याकडून कळलं.

मितू पाच वर्षांची झाली तेव्हा एका शाळेने तिला प्रवेश नाकारला. "वर्गात काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मी घरी येऊन रडले. मॅडमनी मला जिल्हा न्यायालयाच्या आवारात पाठवलं. तिथे विधी सेवेचं कार्यालय असतं. बायकांना आणि मुलांना तिथे फुकट वकील मिळतो, त्यासाठी गरिबीचा दाखलाही लागत नाही. वकीलबाईंनी शाळेला एक पत्र लिहिलं. पंधरा दिवसांत मितू वर्गात बसली.

तेव्हापासून वॉर्डात कुणाचा कागद अडला की मॅडम म्हणायच्या, "शीतलला विचारा." मला ते आवडायचं. खूपच आवडायचं.

मग नंदा आली.

नंदा हरिहरेश्वरच्या अलीकडच्या एका गावातली. पायल तिची धाकटी मुलगी, मितूच्याच वयाची, आजारही तोच. उजाडायच्या आत घर सोडायची, दिघीच्या जेट्टीवरून बोटीने आगरदांड्याला उतरायची, मुरूडची एसटी पकडायची आणि तिथून अलिबाग. यात्रेकरूंच्या एका लॉजवर ती स्वयंपाक करायची. नवरा दोन वर्षांपूर्वी घर सोडून पनवेलला गेला होता, फोनही उचलत नव्हता. मॅडम तिच्याजवळ अर्धा अर्धा तास बसायच्या. तिच्या पायलची फाइल स्वतः हाताने लावायच्या. माझी फाइल मी लावायचे.

हे वाचून तुम्ही हसाल. मीसुद्धा तेव्हा स्वतःला समजावलं, की तिला कुणी नाही, तुला सगळे आहेत. पण मॅडम तिच्या खाटेपाशी बसलेल्या दिसल्या की माझं मन मितूच्या गोष्टीच्या पुस्तकात लागायचं नाही. एकच पान दोनदा वाचायचे. मितूच म्हणायची, "आई, हे झालं."

हिवाळ्यात वॉर्डात शिबिर झालं. एचएलए टायपिंग, म्हणजे भावंडांच्या पेशी रुग्णाशी जुळतात का याची तपासणी. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, दुखत नाही. जुळलं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करता येतं. भावाची किंवा बहिणीची अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या आतला रक्त बनवणारा गर, रुग्णाला देतात. ती रुजली तर मूल आजारातून बाहेर. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. राहुल त्या दिवशी शाळेचा गणवेश घालून आला होता, इस्त्री केलेला. "मी जुळणार," म्हणाला.

निकाल एकाच दिवशी आले. राहुल जुळला नाही. नंदाची मोठी, काजल, पूर्ण जुळली.

नंदाला डॉक्टर काय म्हणाले ते आधी कळलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, म्हणजे चांगलं हाय का?" मला तिला सांगावं लागलं, की हो, चांगलं आहे. याहून चांगलं दुसरं काही नसतं. तिने माझे दोन्ही हात धरले. मी ते सोडवून घेतले आणि मितूची सलाइन बघायला गेले. सलाइन नीट चालू होती.

घरी आल्यावर राहुलने विचारलं, "माझ्यात काय चुकलं?" त्याला मी समजावलं. मला कुणी समजावलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही. बाहेरून मी रोजच्यासारखीच होते. आतून एकच वाक्य चालू असायचं, तिचीच का? तिला तर फेरिटिन म्हणजे काय तेही माहीत नाही. फेरिटिन म्हणजे साठलेल्या लोहाचं माप. मितूचं मी वहीत लिहून ठेवायचे, आलेख काढायचे. जणू अभ्यास जास्त करणाऱ्या आईला बक्षीस मिळणार होतं.

मुंबईच्या एका रुग्णालयाने पायलला मार्चची तारीख दिली. अट एकच. देणारी काजलही अल्पवयीन, म्हणून संमतीपत्रावर दोन्ही पालकांची सही हवी. वडिलांचा पत्ता नसेल तर न्यायालयातून कागद आणा. नेमक्या त्याच दिवसांत म्हात्रे मॅडम आईच्या आजारपणासाठी लांब सुट्टीवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं.

रक्त चढवायच्या मंगळवारी नंदा माझ्याजवळ येऊन बसली. पायलला सुई लावून झाली होती.

"ताई, मॅडम कवा येनार? सहीचं आडलंय. नवरा फोन उचलत न्हाय. सासू म्हनते, एक आजारी हाय, आता दुसरीची बी हाडं फोडनार काय?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"कुठं जावं लागंल काय? तुमी शाळेचं केलंत ना कायतरी?"

"ते वेगळं होतं गं. हे मोठ्या लोकांचं काम. मॅडम आल्या की बघतील."

ती "व्हय" म्हणाली आणि उठली. न्यायालयाचं आवार तिथून चालत दहा मिनिटांवर होतं.

मी खोटं बोलले हे मला बोलतानाच कळत होतं. पुढे तीन आठवड्यांनी भेटू तेव्हा सांगू, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात मॅडमही येतील. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. रोज ऑफिसात तो दिसायचा, आणि मी दुसऱ्या कुणाचा तरी दाखला टाइप करायचे.

अठराव्या दिवशी तिचाच फोन आला. रडत नव्हती. सपाट आवाजात म्हणाली, "ताई, मुंबईवाल्यांनी तारीख दुसऱ्या पोराला दिली. कागद न्हाय म्हनल्यावर काय करतील तेबी." मग म्हणाली, "मितू बरी हाय ना?"

मितू बरी हाय ना. सोमवारी मी रजा टाकली आणि तिला अलिबागला बोलावलं. एसटी स्टँडवर ती उतरली, पायल कडेवर, काजल हाताला धरलेली. आम्ही सरळ न्यायालयात गेलो.

वकीलबाईंनी मला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं, नंदाचा अर्ज लिहून घेतला आणि नवऱ्याच्या नावाने कार्यालयाचं पत्र काढलं. पनवेलचा पत्ता त्याच्या मित्राकडून मिळाला. "तो आला नाही तर न्यायाधीशांपुढे अर्ज करू," त्या नंदाला म्हणाल्या. "तुम्ही एकट्या नाही आहात, बाई."

तो आला. मला वाटलं होतं, कुणी दारुडा, उर्मट माणूस असेल. बारीक, दाढी वाढलेला, टेम्पो चालवणारा माणूस होता. खुर्चीच्या टोकावर बसला.

"काजल माझी चांगली हाय," तो म्हणाला. "एकच चांगली हाय. तिला काय झालं तर?"

वकीलबाईंनी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "काहीही कापत नाही. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतो. काजल एक-दोन दिवसांत घरी जाईल. जेवढं काढतो तेवढं शरीर काही आठवड्यांत परत भरून काढतं." त्याने तोच प्रश्न तीनदा विचारला आणि डॉक्टरांनी तीनदा उत्तर दिलं. मग त्याने सही केली. नंदाशी एक शब्द बोलला नाही. जाताना काजलच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

नवी तारीख मिळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत पायलला आणखी सात वेळा रक्त चढलं. एकदा ताप येऊन ती आठवडाभर दाखल होती. त्या आठवड्यात मी रोज डबा घेऊन गेले. चौथ्या दिवशी कॉरिडॉरच्या बाकावर मी नंदाला सांगून टाकलं. की मला त्या दिवशी सगळं माहीत होतं. की काजल जुळली आणि राहुल जुळला नाही, म्हणून मी बोलले नाही.

तिने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"तवाच सांगितलं आसतंत तर हा ताप आला नसता," ती म्हणाली.

"हो."

"डबा ठेवा. पायल खाईल."

एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आजवर म्हणालेली नाही. दुसऱ्या दिवशी मी परत डबा नेला आणि तिने तो घेतला.

ट्रान्सप्लांट झालं. खोलीत कुणाला जाऊ देत नव्हते, काचेतून बघायचं. केस गेले, तोंडात फोड आले, पायल कित्येक दिवस नीट जेवत नव्हती. मग एनग्राफ्टमेंट झालं, म्हणजे काजलची मज्जा पायलच्या शरीरात रुजली. आता पायलला बाहेरचं रक्त लागत नाही. मागे नंदाने फोटो पाठवला. दोघी बहिणी समुद्रावर, पायलचे केस कुरळे आलेले, गाल लाल. मी तो मितूला दाखवला. ती म्हणाली, "छान आहे." मग म्हणाली, "हिला आता मंगळवारी शाळा बुडवावी लागत नाही ना?" मी फोन बाजूला ठेवला आणि भांडी घासायला गेले.

मला अजून हेवा वाटतो. वर्षं लोटली, कमी झालाय, गेला नाही. आजारी मुलाच्या आयांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. शेजारच्या खाटेवरचं मूल बरं झालेलं बघून 'माझं का नाही' असं मनात येतं. त्यात तुम्ही वाईट ठरत नाही. मी वाईट वागले ते त्यानंतर, तोंड मिटून बसले तेव्हा. तुम्हाला एखादं कार्यालय, एखादा अर्ज, एखादा दरवाजा माहीत असेल तर मन शांत व्हायची वाट बघू नका. माझं झालंच नाही.

म्हात्रे मॅडम परतल्या. त्यांनाही मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता मंगळवारी माझ्या टेबलाशी बसत जा." रक्त चढायला चार तास लागतात, तेवढा वेळ मी तिथे असते. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज, शाळेचं पत्र, विधी सेवेचा पत्ता.

गेल्या मंगळवारी मुरूडकडची एक बाई आली. तिच्या मुलीला जुळ्या भावाची मज्जा जुळली होती. ती आनंदाने मला दोनदा तेच सांगत होती. माझ्या आत तेच जुनं वाक्य सुरू झालं, तिचीच का? मी पाणी प्यायले आणि विचारलं, "मुलांच्या वडिलांची सही मिळेल ना? नसेल तर आत्ताच माझ्याबरोबर चला, न्यायालय जवळच आहे."