गर्दीत मारायची हाक

आमच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण बास्क आहे, स्पेनच्या उत्तर टोकाची. पासपोर्ट स्पेनचा, पण तिला कुणी स्पॅनिश म्हटलं की तिच्या भुवया वर जातात. तिची मुलगी आणि माझी एकाच वर्गात. यंदा तिच्या गावच्या उत्सवाला आम्ही यायचंच, असं तिने आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांची दुसरी बशी संपवताना जाहीर केलं. माझ्या नवऱ्याने तिच्यासमोरच मोबाइल काढून विमानाची तिकिटं बघायला सुरुवात केली. मुलगी सोफ्यावर उड्या मारायला लागली. मी चहा गाळत होते, तो कपाबाहेर गेला.

मी भित्री भागूबाई आहे हे घरात सर्वमान्य आहे. पण ही भीती उगाच नव्हती. गेल्या वर्षी इथल्या डच राजाच्या वाढदिवसाला, सगळं अ‍ॅमस्टरडॅम नारिंगी कपडे घालून रस्त्यावर लोटतं तेव्हा, माझी मुलगी हरवली होती. फार वेळ नाही, पण शेजारी कालवा होता आणि कालव्याला कठडा नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी त्या दिवशी पुरेपूर अनुभवलं. ती सापडली ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, जुनी खेळणी विकायला बसलेल्या पोरांच्या शेजारी, रडून लाल झालेली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मी किती वेळ मामा, मामा ओरडत होते. तू बघितलंच नाहीस."

मी ऐकलं होतं. पण त्या रस्त्यावर चारी बाजूंनी पोरं ‘मामा’ ओरडत होती. त्यातला माझा मामा कोणता हे मला कळलं नाही.

हे ‘मामा’ म्हणजे डचमधली आई, तिने ते इथल्या पाळणाघरातून आणलं. पूर्वी व्हिडिओ कॉलवर तिने ‘मामा!’ अशी हाक मारली की पुण्याहून माझा भाऊच ‘काय गं?’ म्हणून ओ द्यायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. बदलायला हवं असं तेव्हा कधी वाटलं नाही.

शेजारणीला मी नाना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तिने उत्साहाने सांगितलं, की मेंढ्यांची कातडी पांघरलेले पुरुष पाठीला तांब्याच्या भल्यामोठ्या घंटा बांधून गावभर फिरतात, सगळ्यांची पावलं एकदम पडतात आणि तो आवाज छातीत वाजतो. भलीमोठी खोटी डोकी घातलेली माणसं लहान मुलांच्या मागे धावतात. मुलं किंचाळत गल्लीबोळांतून पळतात, तीच तर गंमत. "आणि हो," ती म्हणाली, "पोरीच्या कानांना आवाज अडवणारे हेडफोन घे."

म्हणजे ती मला दिसणार नाही, आणि मी हाक मारली तर तिला ऐकूही येणार नाही.

"तुमच्याकडे मुलं आईला काय म्हणतात?" मी विचारलं.

"आमा."

झालं! आमा आणि मामा. घंटांच्या गदारोळात कोण ओळखणार? त्या क्षणी मला उपाय सुचला. अख्ख्या बास्क प्रदेशात ‘आई’ म्हणून ओरडणारं दुसरं पोर नसेल. त्या हाकेला वळणारी बाई एकच.

संध्याकाळी मी मुलीला समोर बसवलं. "हरवलीस तर मामा नाही म्हणायचं. आई म्हणून ओरडायचं. म्हण बघू."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर डचमधून येतं. "पण ते तर लागल्यावर म्हणतात," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तूच म्हणतेस. कपाटाचं दार पायावर आलं तेव्हा. तव्याचा चटका बसला तेव्हा. आई गं!"

नवरा खो खो हसला. मीही हसायला लागले, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. माझी आई जाऊन दोन वर्षं झाली. तोवर रोज फोनवर मी ‘आई, जेवलीस का, आई, ऐक ना’ करत असे. ती गेली आणि तो शब्द घरात फक्त लागल्या-खुपल्यावर उरला. मुलीचं काही चुकत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

सराव काही जमला नाही. ‘खोटं खोटं कशाला ओरडू’, असं तिचं म्हणणं. नवरा म्हणाला, "अगं, किती ओव्हरथिंक करशील? आपण दोघं आहोत ना." राजाच्या वाढदिवसालाही आम्ही दोघं होतोच. मी मनातल्या मनात बेत केला, की निघायच्या आदल्या दिवशी पोरीला ताप आलाय म्हणून सांगायचं. शेजारणीला काय कळतंय!

तरी हेडफोन आणायचं ठरलं. शुक्रवारी नवऱ्याचं ऑफिस सुटलं की त्याला स्लोटरडाइक स्टेशनवर गाठायचं म्हणून मी मुलीला घेऊन निघाले. तिथे एक गाडी रद्द झाली होती आणि फलाटावरची सगळी माणसं एकदम जिन्याकडे वळली. नवऱ्याचा फोन वाजला. तो काढायला मी तिचा हात सोडला. फोन कानाला लावला तोवर शेजारी ती नव्हती.

नवरा फोनमध्ये ‘हॅलो, हॅलो’ करत होता आणि मी गर्दीत तिला शोधत होते. पिशव्या, सायकली, पाठीवरच्या सॅका. कुठूनतरी ‘मामा’ ऐकू आलं, मी वळले, दुसरंच पोर. पुन्हा ‘मामा’, पुन्हा दुसरंच. फलाटाची कड दिसत होती आणि पलीकडे रूळ.

आणि मग जिन्याच्या मागून, कळवळून मारलेली हाक आली.

"आई गं!"

मी लोकांना ढकलत धावले. ती खांबाला चिकटून उभी होती. मी खाली बसून तिचे गुडघे, कोपर, डोकं चाचपलं. "कुठे लागलं? दाखव, कुठे लागलं?"

"कुठेच नाही," ती वैतागून डचमध्ये म्हणाली. "तूच सांगितलं होतंस असं ओरडायला."

मी तिला पोटाशी धरलं, आणि काही कळायच्या आत माझ्याच तोंडून ‘आई गं’ निघून गेलं. ती मान मागे करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्या गालावर हात ठेवून तिने चक्क मराठीत विचारलं,

"तुला लागलं?"