अकराव्या केबलीची तार

आमच्या दादाच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता आणि खिशात कायम कंगवा असायचा. नव्या ठिकाणी लोक हसायचे. मग दादा स्टुलावर चढून भिंतीवरच्या रॅकचं दार उघडायचा, आतल्या केबलींचा गुंता सोडवायचा आणि त्यातून तोच कंगवा फिरवायचा. चोवीस केबली अशा शेजारी शेजारी झोपायच्या की हसणारे गप्प बसायचे. कॉम्प्युटरच्या केबली टाकायच्या आमच्या धंद्यात सगळे त्याला कंगवाच म्हणत. मी त्याचा धाकटा भाऊ. माझं नाव कोणी विचारलंच नाही, मी कंगव्याचा भाऊ.

काम वाटून घेतलेलं होतं. प्रत्येक केबलीच्या पोटात आठ रंगीत तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमाने रॅकमधल्या पट्टीत बसवायच्या, हे दादाचं काम. मी दुसऱ्या टोकाला, कुणाच्या तरी टेबलाखाली वाकून, आठ दिव्यांची डबी धरून बसायचो. दादा ओरडायचा, "बोल." दिवे एकापासून आठपर्यंत ओळीने लागले की मी म्हणायचो, "आठही." पंचवीस वर्षं आमचं निम्मं बोलणं एवढंच.

गेल्या वर्षी एका शाळेत पहिल्या दिव्यानंतर दुसऱ्याऐवजी सहावा लागला. दादाने नारिंगीच्या जागी हिरवी तार बसवली होती. मी सांगितलं, त्याने स्वतःला एक शिवी घातली आणि दुरुस्त केलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला थेंब लिहून दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. आधी रंग जातील, मग उरलेलं. उपाय नाही.

वहिनी गच्चीत कपडे वाळत घालत होती. ऐकून तिने हातातली चादर पुन्हा पिळली, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

"त्यांना सांगू नका, भाऊजी," ती म्हणाली. "आम्हाला मूलबाळ नाही. त्यांना ना पत्ते येतात, ना कुणाशी गप्पा मारता येतात. काम सुटलं तर भिंतीकडे बघत बसतील हो."

मग मी खोटं बोलायला लागलो. दिवे कसेही नाचले तरी मी आपला "आठही" म्हणायचो. दादा जेवायला खाली उतरला की स्टुलावर चढून चुकलेल्या तारा उपटायच्या, नीट बसवायच्या आणि सगळं होतं तसं बांधून ठेवायचं. सात महिने हे चाललं. या काळात मला माझंच फार कौतुक वाटायचं, हे कबूल करतो. भावासाठी एवढं कोण करतं, असं मनात यायचं. गाढव होतो मी.

एका ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर काम होतं. दहा केबली झाल्या. अकरावीला चौथा दिवा लागलाच नाही. तार नीट बसली नसेल, जेवणाच्या सुट्टीत बघू, असं म्हणून मी ओरडलो, "आठही."

पुढचं "बोल" आलंच नाही. वाट बघून मी टेबलाखालून निघालो आणि बाहेर रॅकपाशी गेलो. दादा स्टुलावर बसला होता. त्याने शर्टाच्या खिशातून बोटभर तांब्याची तार काढून माझ्यापुढे धरली.

"अकरावीची चौथी," तो म्हणाला. "मी लावलीच नव्हती. कापून ठेवली."

मी ती तार त्याच्या हातातून घेतली.

"मी केबलींच्या जुडीचा बंद डावीकडे बांधतो. परवा जेवून आलो तर तो उजवीकडे होता. डोळे गेले म्हणून बोटं गेली नाहीत माझी. किती दिवस चाललंय?"

"सात महिने."

"चोवीसातल्या, तू हात न लावता, माझ्या किती असायच्या?"

"अलीकडे... पाच-सहा."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त मान हलवली आणि हाताने चाचपत रॅकचं दार लावलं.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काय?"

"त्याआधीची पंचवीस वर्षं. तेव्हाही तू मागून दुरुस्त करायचास?"

"नाही दादा. शपथ. तेव्हा सगळ्या तुझ्याच होत्या."

"आठही?"

"आठही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं: सात महिने खोटं बोलायला मी हाच शब्द वापरला होता. कंगवा स्टुलावर ठेवून दादा जिना उतरला.

आता कंगवा माझ्या खिशात असतो आणि रॅकपाशी मी असतो. वहिनी म्हणाली होती तस्साच दादा घरी भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. रविवारी मी गेलो की शेजारी बसून पुन्हा सांगतो, की दादा, ती सगळी कामं तुझीच होती, मी एका तारेलाही हात लावला नव्हता.

"हो, हो," तो म्हणतो आणि माझी समजूत काढावी तसा पाठीवरून हात फिरवतो.