कवळ्या खाली ठिवा

लिहायला बसलो याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी स्वतःची सही केलेली नाही. वडील अजून अंगठा उठवतात. त्यामुळे कागद पुढे ओढला की दुसऱ्याच्या पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटतं. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — आईला नाही, खोलीतल्या सोबत्याला नाही. चार वर्षं ती आत धरून ठेवली, आणि आता तिचा मला संताप येतो. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

आधी पानमळ्याचं सांगायला हवं.

आमच्या वडगाव निंबाळकरला तात्यांचा पानमळा आहे. तात्या म्हणजे मळ्याचे मालक. चपला बाहेर काढून आत जायचं. पानवेल चढवलेल्या शेवरीच्या सावलीत भर उन्हाळ्यातही पायांना गारवा लागतो. मळ्याच्या कडेला एक मांडव आहे. दुपारी तिथे बायका खुडलेली पानं निवडायला बसत. डागी पान बाजूला, चांगली पानं एकावर एक रचून त्यांची जुडी — तिला आमच्याकडे कवळी म्हणतात — आणि ती ओल्या फडक्याखाली. माझी आई त्याच बायकांत. हात गुंतलेले, नजर पानावर. कान तेवढे मोकळे. त्या मोकळ्या कानांसाठी चांदबीचाची पुस्तक वाचायची.

चाचीचा नवरा शिंपी होता, तो वारला. चौथीपर्यंत ती शाळेत गेली होती, बाकीचं त्याच्याजवळ बसून शिकली. तीही पानं निवडायलाच येई. पण वाचणाऱ्या बाईचे हात पुस्तकात अडकतात, मग तिची पानं कोण निवडणार? तर प्रत्येक बाई आपल्या कवळ्यांतली एक उचलून चाचीच्या करंडीत टाकायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तात्या एकदा म्हणाले, "चांदबी, तुझं बरं हाय. बसून खाती." त्यावर चाची म्हणाली, "तात्या, तुमीबी बसूनच खाता की. निदान मी मोठ्यानं वाचती." तात्याही हसले.

पुस्तकं मी आणायचो. बारामतीला हायस्कुलात होतो, तिथल्या वाचनालयात माझं नाव होतं. आणि सुट्टीत मीही मांडवात बसून ऐकायचो — एवढा मोठा घोडा, बायकांत बसून. लाज वाटायची, पण उठवत नसे.

ती कशी वाचायची हे मला सांगता येईल का? नाटकासारखे वेगवेगळे आवाज ती काढत नसे. दुष्ट माणसाचं बोलणं उलट मऊ करून वाचायची, आणि अंगावर काटा यायचा. सूर्योदयाची दोन पानं आली की म्हणायची, "हितं लिवणाऱ्याला झोप आल्याली दिसतीया," आणि सरळ पुढे जायची. आणि वाईट काही येणार असलं की थांबायची. बोट जिभेला लावायची, पण पान उलटायची नाही. म्हणायची, "कवळ्या खाली ठिवा." बायका हातातल्या कवळ्या खाली ठेवायच्या. मग ती ते वाक्य वाचायची — साधं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं.

पुण्याला कॉलेजात गेल्यावर त्यातलंच एक पुस्तक मी एकट्याने वाचून पाहिलं. अक्षरं तीच होती. पण पुस्तक निम्मं झालं होतं. मला त्या लेखकाचा राग आला. वाटलं, ह्याने आम्हाला फसवलं. फसवलं कुठे? जे आम्ही ऐकलं होतं त्यातलं अर्धं चाचीचं होतं, आणि तिचं नाव वेष्टनावर नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो, आणि पाहा, पुन्हा मांडवाभोवतीच फिरतो आहे.

कॉलेजात पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं नाही. एकदा वर्गात तोंडून 'न्हाय' गेलं तेव्हा मागचा बाक हसला होता. हे कारण म्हणून सांगत नाही. हसले म्हणून काय झालं? माझ्या वर्गात खेड्यातली आणखी पोरं होती, त्यांनी कुणाला विकलं नाही. मी विकलं. दुसऱ्या वर्षी गॅदरिंगमध्ये नकलांचा कार्यक्रम होता. मी डोक्यावरून लुगडं घेतलं, हातात जाडजूड पुस्तक घेतलं, बोट जिभेला लावलं — आणि चांदबीचाची झालो.

सभागृह कोसळायचं बाकी राहिलं. 'कवळ्या खाली ठिवा' म्हटलं की हशा, सूर्योदय गाळला की हशा. तेवढ्यावरही मी थांबलो नाही. चाची बोलते माझ्या आईसारखं, तसूभर फरक नाही. पण मुसलमान बाई आईसारखी बोलली तर त्यांना हसू कशाचं येणार? म्हणून मी तिच्या तोंडी मोडकी हिंदी घातली, पानाची पिंक घातली. तिने जन्मात पान खाल्लं नव्हतं. म्हणायची, दिवसभर पानात बसायचं आणि पुन्हा तेच खायचं? हे सगळं मी शुद्धीवर असताना, पाठ करून, आरशापुढे बसवलं. तिने मला काय केलं होतं?

त्या कार्यक्रमाला रेडिओवरचे एक गृहस्थ आले होते. महिन्याभरात आम्हा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम रेडिओवर झाला, त्यात माझी हीच नक्कल. नावं कुणाचीच सांगितली नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं — हेही लिहून ठेवतो. मला माझं नाव हवं होतं.

आमच्या चावडीवर त्याच वर्षी रेडिओ आला होता. संध्याकाळी गडी माणसं ओट्यावर आणि बायका समोरच्या बोळाच्या तोंडाशी उभ्या राहून ऐकत. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. आईने सांगितलं होतं. बोलताना माझ्या डोक्यात पुणं होतं, वडगाव नव्हतं, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तर चाचीचं वाचन बंद. आईने भाकरी वाढता वाढता सगळं सांगितलं. चावडीवर आधी सगळे हसले. मग दोन बायकांनी ओळखलं, मग सगळ्यांनीच. चाची तिथेच उभी होती. शेवटपर्यंत ऐकलं तिने आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी मांडवात आली ती इतर बायकांसारखी पानं निवडायला बसली.

"कोन मुडदा व्हता कुणाला दखल," आई म्हणाली. "जीभ झडंल त्याची. कुण्या आईनं पोसला आसंल आसला."

मी भाकरी खात होतो. ती खाऊन संपवली. आणखी एक मागितली.

चाचीने मला एकदाच विचारलं. माझ्यावर संशय म्हणून नव्हे; मी तिचा लाडका, पुस्तकं आणणारा. विहिरीच्या धावेवर गाठून म्हणाली, "सदा, तू पुन्यात ऱ्हातूस. त्यो कोन व्हता, कळलं का रं तुला?"

"ठाऊक न्हाय, चाची," मी म्हटलं. "शहरातला असंल कुणी."

"शहरातल्याला माझं बोलनं कुठनं ठाऊक? हितं बसून गेलाय त्यो. नायतर हितल्या कुनीतरी सांगितलंय." मग म्हणाली, "हसल्याचं काय न्हाय. पर मला वाटायचं, समदी ऐकत्याती. त्यातला एकजण टिपत व्हता."

माझ्या त्या एका 'ठाऊक न्हाय'ने काय झालं पाहा. मांडवातल्या दहाही बायका तिच्या लेखी संशयित झाल्या. कुणाचा भाऊ पुण्याला, कुणाचा दीर. करंडीत एकेक कवळी टाकणाऱ्या त्या बायकांकडे ती बघेनाशी झाली. आणि खरा चोर रोज समोर येऊन बसत होता.

पुस्तक मध्येच अडकलं होतं. किल्लेदाराच्या लेकीची गोष्ट. तिचा नवरा लढाईवर गेलेला आणि जासूद गड चढून येतो आहे, तिथे. बायका माझ्या मागे लागल्या: शिकलेला आहेस, तू वाच. आईसुद्धा. नाही म्हणायला कारण सुचेना. बसलो.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. मला मोठ्याने वाचायची दुसरी रीतच येत नव्हती. मला वाचायला शिकवलं होतं ते तिच्या आवाजाने. तोंड उघडलं की चाची बाहेर पडणार. म्हणून मी मुद्दाम सपाट वाचू लागलो, वर्गात हजेरी घेतात तसं. सोनाकाकू म्हणाली, "पंचनामा वाचतूस का रं मुडद्याचा?" सगळ्या हसल्या. चाची हसली नाही. खाली मान घालून पानं निवडत होती.

जासूद दारात आला. पुढचं वाक्य मला दिसत होतं: "बाई, दार लावून घ्या." म्हणजे नवरा पडला. आणि मी थांबलो. थांबायचं नाही असं ठरवलं होतं, तरी थांबलो. बोट जिभेला गेलं. पान उलटलं नाही. मी एक शब्द बोललो नव्हतो — पण सगळ्या बायकांनी हातातल्या कवळ्या आपोआप खाली ठेवल्या.

चाचीने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी पुस्तकात पाहत राहिलो.

"म्होरं वाच, सदा," ती म्हणाली. "थांबलास का?"

तेव्हा सांगता आलं असतं. मांडवात दहा बायका होत्या, माझी आई होती, दुपार होती, कुणी मला मारणार नव्हतं. मी म्हणालो, "घसा बसलाय." पुस्तक मिटलं आणि उठलो. मागे चाची पुन्हा पानं निवडायला लागली असावी. मी वळून पाहिलं नाही. सुट्टी चार दिवस उरली असताना पुण्याला पळालो.

पुढच्या वर्षी चाची इंदापूरला लेकीकडे राहायला गेली. तिला दिसेनासं होत चाललं होतं. तिने आईजवळ निरोप ठेवला होता: "सदाला म्हनावं, एकदा इंदापुरास ये. येताना पुस्तक घिऊन ये." आईने तो निरोप मला तीन सुट्ट्यांमध्ये तीनदा दिला. बारामतीहून इंदापूर म्हणजे एका एसटीचा प्रवास. मी दर वेळी परीक्षा सांगितली. एकदा तर ताप सांगितला. ती मला काय विचारणार होती? विचारण्यासारखं राहिलं होतं काय? तिला फक्त ऐकायचं होतं. डोळे गेलेल्या बाईला पुस्तक ऐकायचं होतं, आणि तिचा आवाज आता जगात माझ्यापाशीच होता, आणि मी तो घेऊन खोलीत दडून बसलो. परवा एका मुलाने गॅदरिंगची आठवण काढून म्हटलं, ती म्हातारी पुन्हा करून दाखव ना. त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं. द्यायची कुणाला होती, ते मला चांगलं माहीत आहे.

गेल्या आठवड्यात वडिलांचं कार्ड आलं. सांगणं त्यांचं, अक्षर मास्तरांचं. पानांना भाव बरा आहे, म्हैस व्याली, पारडी झाली. आणि खाली, जागा कमी पडल्यामुळे बारीक अक्षरात: चांदबी इंदापूरला वारली. शेवटी डोळे पुरते गेले होते. सुट्टीत तू तिच्याकडे जाऊन पुस्तक वाचून दाखवत होतास, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर इथल्या बायांना कळवत असे. तू आम्हाला बोलला नाहीस. मांडवात सगळ्या तुझे नाव काढतात. बरे केलेस.

मी इंदापूरला एकदाही गेलो नाही.